निंबाडीच्या पाण्यातलं तेल

सकाळी चहाआधी पेलाभर पाणी प्यायची बादल राठोडची जुनी सवय. त्या रविवारी बबिताने भाकरीच्या पिठाच्या हातानेच पेला भरून दिला, त्याने तो तोंडाला लावला आणि त्याला डिझेलचा वास आला. घोट तोंडातच राहिला. गिळवेना, आणि थुंकायला उठावं तर बायको विचारणार काय झालं म्हणून. शेवटी त्याने तो गिळला, तेव्हा छातीपर्यंत काहीतरी तेलकट उतरत गेल्यासारखं वाटलं. पेला खिडकीशी नेऊन त्याने उजेडात धरला. पाणी स्वच्छ होतं. त्यावर तवंग नव्हता की रंग नव्हता. तळाशी सासऱ्यांनी लग्नात कोरून दिलेलं त्याचं नाव तेवढं दिसत होतं.

"याले वास येऊन राह्यला का गं?"

"कायचा?"

"डिझेलचा."

बबिता हसली. "आठ-आठ दिस त्या धरणावर राह्यता, तुमच्या नाकातच बसलं आता ते," असं म्हणून तिने पेला घेतला, हुंगल्यासारखं केलं, उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि पुन्हा परातीकडे वळली. तव्यावर ज्वारीची भाकरी फुगत होती.

हसण्यावारी न्यावी अशीच गोष्ट होती, पण बादल बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसला तो बसूनच राहिला. वाघापुरातली ती सोसायटी, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, मे महिन्याचं ऊन सकाळी आठलाच कठड्यावर चढून बसलेलं. एक तर यवतमाळच्या नळाला निंबाडीचं पाणी येतच नाही. निंबाडीचं धरण पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महागाव ओलांडून उमरखेडच्या अंगाला. तिथलं पाणी इथे यायचं तर कुणी घागरीतून आणायला हवं. आणि दुसरं असं की निंबाडीच्या पाण्यातसुद्धा डिझेलचा थेंब नव्हता. धरणात बादलच्या पाटबंधारे खात्याची लाँच बुडाली होती हे खरं. तिच्या टाकीत डिझेल आहे, ती फुटली तर तीन गावांचं पिण्याचं पाणी नासेल, म्हणून तिच्या आसपास पाचशे मीटर कुणी जायचं नाही असा हुकूम निघाला होता, हेही खरं. पण ती टाकी कोरडी होती. ती कोरडी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं: लाँच चालवणाऱ्या घनश्यामला आणि त्याला. निदान नऊ महिने तो तसंच धरून चालला होता. जे तेल नाहीच त्याचा वास त्याला दीडशे किलोमीटरवर स्वतःच्या घरात आला, याचा अर्थ काय लावायचा? डॉक्टरला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती आणि देवाला सांगायची त्याची तयारी नव्हती.

लाँच मुळात पाहणीसाठी दिलेली. दर महिन्याला जलाशयाची फेरी मारायची, काठ कुठे ढासळला, कुठे कुणी चोरून मोटर लावली ते बघायचं. पहिली दोन वर्षं फेऱ्या झाल्या. पुढे इंजिन कुरकुरायला लागलं, दुरुस्तीचं पत्र वर गेलं ते वरच राहिलं, आणि लाँच धक्क्याला बांधूनच असायची. फेऱ्या मात्र नोंदींच्या पुस्तकात नेमाने होत राहिल्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बादलच्या आधीच्या साहेबानेही तेच केलं होतं, त्याच्या आधीच्यानेही केलं असणार. गेल्या ऑगस्टमध्ये वादळी पाऊस झाला, दोर तुटले, आणि सकाळी घनश्याम धापा टाकत क्वार्टरवर आला, "साहेब, लाँच गेली." गेली म्हणजे वाहत वाहत धरणात बुडालेल्या जुन्या बंजारा तांड्याच्या टेकाडापर्यंत गेली आणि तिथल्या निंबाच्या बुंध्यावर आपटून अलीकडच्या खोल पाण्यात बुडाली. आत माणूस नव्हतं. बादलने भिजलेल्या अंगानेच वरच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा पहिला प्रश्न माणसाचा होता, दुसरा टाकीचा. "टाकीत किती होतं?" आणि बादलच्या तोंडून निघून गेलं, "भरलेली होती, साहेब."

या उत्तरावर त्याने पुढे पुष्कळ विचार केला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. खोटं बोलायला जरा तरी वेळ लागतो, तेवढाही त्याने घेतला नव्हता. खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी काही विचारलं की तो डोळ्यांसमोर पुस्तक आणतो आणि पुस्तकात असेल ते बोलतो. पुस्तकात टाकी भरलेली होती. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर साहेब तिकडे ओरडायला लागले होते की अरे बापरे, लोक तेच पाणी पितात, कुणाला जवळ फिरकू देऊ नकोस. आणि खरं सांगायचं तर त्या ओरडण्याने त्याला बरंच वाटलं. कुणी जवळ जाणार नाही, म्हणजे कुणी टाकीचं झाकण उघडणार नाही. भंगारवाले तर टपलेलेच होते, पितळी पंख्यासाठी. त्याच दुपारी त्याने हुकमाचा मसुदा लिहिला. त्याचं सरकारी मराठी फार चांगलं, सगळे त्याच्याकडूनच पत्रं लिहून घेत. 'बुडालेल्या लाँचमधील इंधनाची गळती होऊन जलस्रोत दूषित होण्याचा गंभीर धोका.' लिहिताना त्याचा हात थांबला नाही, उलट 'गंभीर' हा शब्द त्याने मागून घातला. पिवळे डबे दोरीला बांधून पाण्यात सोडले, लाल निशाणं लावली, काठावर बोर्ड रोवला, पंजाबराव नावाच्या म्हाताऱ्या चौकीदाराला शिट्टी दिली. भोई लोकांनी आधी कटकट केली, तिकडेच मासळी चांगली मिळते म्हणून. मग तेही गप्प झाले. लाँच काढायचं टेंडर कुठेतरी फिरत होतं. मग यवतमाळच्या एका निसर्गप्रेमी मंडळाने त्याला बोलावून सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक चिन्ह, त्यावर कोरलेलं 'जलरक्षक'. पेपरात फोटो आला. अर्पिताने, त्याच्या नववीतल्या पोरीने, तो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला. कपडे काढायला दार उघडलं की तो स्वतःच स्वतःला शाल पांघरलेला दिसायचा, आणि अलीकडे तो कपडे बाहेरच्या दोरीवरचे घालायला लागला होता.

आणि ते तेल गेलं कुठे? त्याची लाज ही की त्याने ते विकलंसुद्धा नव्हतं. विकलं असतं तर तो सरळ चोर झाला असता आणि चोराला निदान आपण कोण ते कळतं. लाँच बुडाली त्याच्या आदल्या वर्षी नव्या तांड्यावर मंदिर बांधून झालं. तीन दिवसांचा भोग, जेवणावळी, पाहुणे पार नांदेडकडून यायचे. तांड्याची वीज नेमकी तेव्हाच गेली. तांड्याचा नायक भावसिंग, त्याचा लांबचा चुलतभाऊ, फोनवर म्हणाला, "बादल, इज्जत जाऊन राह्यली." आणि बादल म्हणाला, "थांब, पाठवतो." लाँचच्या टाकीत आणि धक्क्यावर पडून असलेलं सगळं डिझेल दोन लोखंडी पिंपांत भरून घनश्यामने जीपने नेऊन दिलं. जनरेटर तीन दिवस धडधडला. माळा लागल्या, भोंगे लागले, थंड पाण्याचं मशीन लागलं. तो सहकुटुंब गेला तेव्हा त्याला खुर्ची दिली, फेटा बांधला, आणि माईकवरून दहादा नाव घेतलं, आपले बादलसाहेब, आपल्या तांड्याचं लेकरू. त्याच्या काकीने, हंसाबाईने, सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. किती बरं वाटलं होतं त्याला! आयुष्यात त्याच्या हातून कुणाला एवढं कधी पोचलं नव्हतं. दुसऱ्याच्या तेलावर आपण इतके मोठे झालो हे त्याच्या मनात तेव्हा आलंही नाही. पुस्तकात टाकी पुढच्याच महिन्यात परत भरून निघाली.

साडेनऊला भावसिंगचा फोन आला. "काकी निंगाली सकायच्या गाडीनं. तुयाकडेच येऊन राह्यली. ऐकलंच नाही तिनं."

"काहून?"

"तिलेच इचार," भावसिंग म्हणाला.

विचारायची गरज नव्हती. आठ दिवसांपासून निंबाडीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की जुन्या तांड्याचं टेकाड उघडं पडलं होतं. धरण झाल्यापासून अठ्ठावीस वर्षांत ते यापूर्वी दोनदाच उघडं पडलं होतं. त्या टेकाडावर, निंबाच्या बुंध्याच्या पूर्वेला, रामी पुरलेली होती. हंसाबाई त्याची काकी. त्याचे आई-बाप तो चालायला लागण्याआधीच गेले तेव्हा तिने आणि प्रेमसिंगकाकाने त्याला वाढवला. रामी त्यांची एकुलती एक पोर. नऊ वर्षांची होती तापाने गेली तेव्हा, तो अकरा वर्षांचा. तिची वेणी त्याला आठवे, तिच्या मनगटातलं रबर आठवे, आणि निंबाच्या फांदीवरून ती त्याच्या डोक्यावर निंबोळ्या टाकायची ते आठवे. चेहरा मात्र आता येत नसे, चेहऱ्याच्या जागी अर्पिताच यायची. लग्न न झालेलं लेकरू जाळत नाहीत म्हणून काकाने तिला पुरलं आणि वर नदीतला एक पांढरा दगड आणून ठेवला. पुढे धरण आलं, तांडा उठला. बुडालेल्या रानाच्या मोबदल्यावर बादल इंजिनियर झाला आणि फिरून फिरून त्याच धरणावर साहेब म्हणून आला. बंजाऱ्यांच्या घरी दिवाळीला धबुकार करतात, निखाऱ्यांवर लापशी आणि तूप सोडून गेलेल्यांची नावं घेतात. काकीने आपला एक वेगळाच नेम ठेवला होता: टेकाड उघडं पडेल त्या साली रामीचा धबुकार रामीपाशीच बसून करायचा. नऊ वर्षांपूर्वी ती काकाबरोबर भोयाच्या डोंगीतून गेली होती. आता काका नव्हता. तिची सत्तरी उलटली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. पुन्हा टेकाड कधी उघडं पडणार, आणि पडलं तेव्हा ती असणार का? उद्या दुपारी वरच्या धरणातून पिण्यासाठी पाणी सुटायचं होतं, ते पत्रही बादलच्याच सहीने सगळ्या गावांना गेलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत टेकाड परत पाण्याखाली.

काकी दुपारी एकच्या सुमाराला आली. रिक्षावाल्याने तिला चुकीच्या गेटवर सोडलं होतं, तीन जिने चढून ती घामाने भिजली होती, पण दारातूनच हसली. "कू छी, बेटा?" असं तिने तांड्याच्या बोलीत खुशाली विचारली. तिने सोफ्यावर बसायचं नाकारलं, कूलरसमोर जमिनीवरच भिंतीला टेकून बसली, बबिताने दिलेलं पाणी पिऊन झाल्यावर उरलेल्या पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. बादल तिच्या तोंडाकडे बघत होता. पाण्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिचं लक्ष टीव्हीशेजारच्या काचेच्या चिन्हाकडे गेलं.

"हे काय होय?"

"आजी, ते पप्पांना मिळालं," अर्पिता म्हणाली. "धरणात लाँच बुडाली ना, तिचं तेल पप्पांनी गळू दिलं नाही. सगळ्यांचं पाणी वाचवलं."

"अस्सं," काकी म्हणाली. "मंग चांगलंच केलं."

जेवणं झाल्यावर तिने गाठोडं सोडलं. गव्हाचा भरडा, गुळाचा खडा, औषधाच्या बाटलीत आणलेलं तूप. ते तिने एकेक करून फरशीवर मांडलं, अर्ज द्यायला आलेला माणूस कागद मांडतो तसं, आणि मग बोलली. "रामीचं टेकाड उघडं पडलं म्हन्तेत. पंजाबराव जाऊ देत नाही म्हने, साहेबाची चिठ्ठी आन. मी भोयाच्या डोंगीनं जाईन, घंटाभर बशीन, वापस येईन. लाँचले हात नाही लावत. त्या तेलाशी मले काय करायचं?"

बादलने दुपारभर उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते तोंडातून आलं तेव्हा तो स्वतःच दचकला. "काकी, तिथे पाचशे मीटरच्या आत कोणालाच परवानगी देता येत नाही. टाकी गंजलेली आहे. थोडा जरी धक्का लागला तरी गळती होऊ शकते. तीन गावांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे." हे बोर्डावरचं मराठी होतं. ज्या बाईने त्याला पाठीला बांधून कापूस वेचला तिच्याशी तो आयुष्यात कधी असं बोलला नव्हता. बबिता दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर नीट केला, परका माणूस घरात आल्यावर करते तसा. बादलला वाटलं, एक चिठ्ठी दिली तर काय बिघडतं? आणि लगेच दुसरीकडून वाटलं, एक डोंगी गेली की उद्या भोई विचारतील, मग आम्हाला का नाही? मग भंगारवाले जातील, मग कुणीतरी झाकण उघडेल. एका चिठ्ठीच्या मागे रांगेने उभे असलेले सगळे त्याला दिसले आणि शेवटी चौकशीची नोटीस हातात घेऊन उभा असलेला तो स्वतः.

"बादल," काकी म्हणाली. "त्या टाकीत तेल हाये?"

कूलरचं पाणी आत टपटपत होतं. काकी त्याच्याकडे बघत होती, पिकलेल्या डोळ्याने आणि चांगल्या डोळ्याने, दोन्हींनी. तो तिच्या हातावरचं गोंदण बघत राहिला.

"हो."

"भरून हाये?"

"हो, काकी."

ती आणखी थोडा वेळ तशीच बघत राहिली. कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी. मग म्हणाली, "बरं." भरडा, गूळ, तूप परत गाठोड्यात गेलं. गाठ मारताना म्हणाली, "मंग काठावरूनच करतो. काठावर तं बंदी नाही नं?"

"काठावर नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो तिला आपल्या गाडीतून घेऊन निघाला. सोमवार होता, त्याला धरणावर जायचंच होतं. रस्ताभर त्याच्या मनात एकच वाक्य होतं. काकी, त्यात तेल नाही. चार शब्द. गाडीत दोघंच होते, काचा बंद होत्या, इतकी सोय आयुष्यात पुन्हा मिळाली नसती. आर्णीच्या अलीकडे त्याने घसा साफ केला तर काकी म्हणाली, सर्दी झाली का रे तुले, त्या कूलरनं होते. आर्णी गेलं. मग त्याला वाटलं, महागावला चहा प्यायला थांबू तेव्हा सांगावं. थांबले, चहा झाला, काकीने बशीत ओतून फुंकून फुंकून प्याला, आणि तो टपरीवरच्या माणसाशी सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलत बसला. पुढे ती झोपली. झोपेत तिची मान त्याच्या खांद्याकडे कलली. लहानपणी ताप आला की हिच्याच खांद्यावर आपण असे कलायचो हे आठवून त्याला गाडी बाजूला घेऊन रडावंसं वाटलं, पण मागून ट्रक हॉर्न देत होता, आणि खरं म्हणजे रडूही आलं नाही. लाजेचं असंच असतं, ती माणसाला साधं रडूही देत नाही. ती झोपली आहे याचं त्याला बरं वाटत होतं.

काठावर भावसिंग गोवऱ्या घेऊन बसलाच होता. पाणी इतकं मागे हटलेलं की भेगाळलेल्या चिखलावरून बरंच चालत जावं लागलं. बोर्ड पाण्याच्या कडेलाच होता. पाणी जसं मागे सरकत गेलं तसा पंजाबरावने तोही उपटून उपटून पुढे आणलेला. त्याने साहेबांना नमस्कार केला आणि शिट्टी खिशात घातली. पिवळ्या डब्यांच्या ओळीपलीकडे लाँचचं पांढरं छत वर आलं होतं, त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. आणि त्याच्याही मागे टेकाड, काळ्या बुंध्याचं. एवढंसं तर होतं. लहानपणी ते केवढं मोठं वाटायचं!

काकीने कपाळावर हात धरून पाहिलं. "मले नाही दिसत," म्हणाली. "दगड दिसते का रे?"

बादलने पाहिलं. बुंध्याच्या पूर्वेला गाळातून काहीतरी पांढरं वर आलेलं होतं. "दिसते," तो म्हणाला. "हाये, काकी. तितंच हाये."

"पांढरा?"

"पांढराच."

तिने मान हलवली. भावसिंगने तीन दगडांवर पातेलं चढवलं. लापशी शिजली, गोवऱ्यांचे निखारे झाले. काकी टेकाडाकडे तोंड करून बसली, पदर डोक्यावरून घेतला, आणि निखाऱ्यांवर चिमूट चिमूट लापशी आणि तुपाची धार सोडत नावं घ्यायला लागली. आधी प्रेमसिंग. मग बादलच्या आईचं, बापाचं. मग रामीचं नाव घेतलं, आणि तिथे ती थांबली. पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्याने, घरातून अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी तसं. पाण्यावरून काहीच परत आलं नाही. पाणकावळा उडून गेला. तिने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा आवाज फाटला आणि बादल उठला. भावसिंगला बाजूला घेऊन म्हणाला, "डोंगी काढ. मी नेतो तिले."

"आता? कायले?"

"त्यात तेल नाही," बादल म्हणाला. नऊ महिने छातीत बसलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की त्याला वाटलं भावसिंगला ऐकूच गेलं नसेल. "टाकी रिकामी हाये. थेंबही नाही."

भावसिंगने त्याच्याकडे पाहिलं आणि खाली चिखलाकडे बघत म्हणाला, "मालूम हाये."

"तुले?"

"समद्या तांड्याले. घनश्यामनं पिंपं उतरवली तवाच सांगतलं का साहेबानं लाँचचं काढून पाठोलं. तुया बोर्ड लागला त्या दिवशी लोक हसले बाप्पा. म्हने आपन जाळलं ते तेल पान्यात कसं गेलं? काकीनं ऐकलं. सगळ्यायले मंदिरासमोर उभं केलं आन सेवालाल महाराजाची आन घातली. जो बोलन त्यानं माह्या घरचं पानी पिऊ नये, म्हने. नऊ महिन्यात कोनी बोललं नाही. भोयायलेही नाही सांगतलं."

"बस, भावसिंग," काकी म्हणाली. तिला ऐकू सगळं येत होतं. डोळे गेले होते, कान नाही. ती निखाऱ्यांकडेच बघत होती. "काल मी तुले दोनदा इचारलं, बेटा. वाटलं, सांगशीन. मी कोनाले सांगनार होती? तू सांगतलं असतं का नाही काकी, नाही त्यात तेल, तं मी इथंच बसली असती, गेली नसती, तरी मले पोचल्यावानी वाटलं असतं."

बादलच्या कानांमागे आणि मानेवर ऊन नव्हे, दुसरंच काहीतरी चढत होतं. सगळा तांडा. मंदिरासमोर उभा केलेला. त्याचा फोटो पेपरात आला तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. दिवाळीला तो तांड्यावर गेला, पोरं पाया पडली, बायकांनी ओवाळलं, ताटावर ताट आलं, आणि त्या प्रत्येक तोंडामागे ती आण होती. तो त्यांच्यापासून लपवत होता आणि ते त्याला झाकत होते.

"पिंपं माह्याच घरी हायेत," काकी सावकाश सांगत होती, घरातलं काहीबाही सांगावं तसं. "टाकून कायले द्यायची म्हून ज्वारी भरतो त्यात. राखेनं घासली, चार दिस उन्हात ठेवली, तरी वास जात नाही पुरा. औंदा तुले धाडली ते ज्वारी त्यातलीच होय. भाकरीले वास येत असन तं बबिताले म्हन, पीठ पसरून ठेव." मग थोडं थांबून म्हणाली, "माफ कर, बेटा."

माफी ती मागत होती. बबिताचे पिठाचे हात त्याला आठवले, आणि पेला, आणि खिडकीतल्या उजेडातलं ते स्वच्छ पाणी. वास खरा होता. तो खाली बसला, काकीचा हात धरला. "चाल," म्हणाला. "डोंगी हाये. मी नेतो तुले. होईन ते होईन."

त्याला ते खरोखर म्हणायचं होतं. बोलताना त्याने तिला उठवण्यासाठी हातावर जोरही दिला. पण काकी उठली नाही. तिने पंजाबराव होता त्या दिशेला तोंड फिरवलं. "नोको. तो पाहून राह्यला. उद्या तुले कोनी इचारन, चौकशी लागन. तुयी पोट्टी शायेत हाये. रामीले काय, तिले मालूम हाये मी इथं बसली म्हून."

आता त्याने उचलून न्यायला हवं होतं तिला. वजन ते काय, लुगड्याच्या गाठोड्याएवढं. त्याला हे कळत होतं. पाणी अजून चढलं नव्हतं, भोयाची डोंगी वीस पावलांवर होती, वल्हं आत आडवं पडलेलं होतं. तो त्या वल्ह्याकडे बघत राहिला.

"बरं," तो म्हणाला.

आणि म्हणताक्षणी त्याचं अंग सैल झालं. सुटलो, असं वाटलं. स्पष्ट वाटलं, त्यात काही शंका नव्हती. काकीने त्याच्या हातावर लापशीचा घास ठेवला. गरम होता, गोड होता, तुपाचा वास येत होता. त्याने तो खाल्ला.

चारच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. आधी कळतही नव्हतं, चिखलाच्या भेगा ओल्या दिसायला लागल्या तेवढंच. भावसिंग काकीला धरून वर गाडीकडे घेऊन गेला. ती मागे वळून पाहत नव्हती. पाहून तिला दिसणार तरी काय होतं. बादल एकटाच उभा राहिला. पांढरा दगड दिसेनासा झाला तो क्षण त्याला पकडायचा होता, पण नेमका तेव्हा पंजाबराव बोर्ड खांद्यावर घेऊन आला.

"साहेब, पानी चढून राह्यलं. बोर्ड मांगं घ्या लागते. कुठं रोवू?"

बादलने सवयीने मागे पाहिलं, अंदाज घेतला, उद्यापर्यंत पाणी कुठवर येईल ते मनात धरलं आणि दहा पावलं चढून जागा दाखवली. "इथे."

पंजाबरावने कुदळ उचलली आणि तशीच खाली घेतली. "इथं राख हाये, साहेब. गरम हाये अजून."

बादलने खाली पाहिलं. राखेच्या कडेला लापशीचे चार दाणे चिकटून होते.

"हो," तो म्हणाला. "निवली की रोवा."